ग्वान यूची मूर्ती आणि सादृश्याचे समीक्षक

हाँगकाँगच्या आणि अलीकडे मुख्यभूमी चीनच्या गुन्हेपटांविषयीच्या समीक्षेत एक युक्तिवाद इतक्या वेळा आढळतो की त्याला आता गृहीतकाची प्रतिष्ठा लाभली आहे. चिनी संस्कृतीच्या तळाशी शपथबद्ध बंधुभावाचा एक आदिबंध आहे. 'तीन राज्यांची कथा' ह्या कादंबरीतील पीचच्या बागेतल्या शपथेत आणि 'श्वेइ-हू च्वान' म्हणजे पाणथळीकाठच्या कथेत, ल्यांगशान डोंगरावर जमलेल्या १०८ बंडखोरांत तो साकार झाला. आधुनिक दिग्दर्शकाने त्याच वीरांच्या अंगावर कोट चढवला, भाल्याच्या जागी पिस्तूल दिले आणि मिथकाला 'समकालीन' केले. एवढे म्हटले की समीक्षकाचे काम जणू संपते. उरतात ते तक्ते भरायचे. जॉन वूच्या 'अ बेटर टुमॉरो'मधील (१९८६) हो म्हणजे ल्यू बेई, मार्क म्हणजे ग्वान यू. आणि चांग फेईच्या जागी बसवायला कोणी सापडले नाही, तर तेवढा रकाना कोरा ठेवायचा.

ह्या पद्धतीला सादृश्यवादी समीक्षा म्हणता येईल. तिचे आकर्षण उघड आहे. साहित्याच्या अभ्यासकाला चित्रपटगृहात शिरण्याचा ती एक प्रतिष्ठित परवाना देते. अर्धवट स्मरणातला नॉर्थ्रॉप फ्राय आणि त्याहून अर्धवट स्मरणातला जोसेफ कॅम्बेल तिथे पुरेसा ठरतो. मराठी विद्यापीठीय चर्चेलाही ही रीत परकी नाही. कोणत्याही उपेक्षित नायकात कर्ण आणि कोणत्याही अपमानित नायिकेत द्रौपदी दाखवून दिली की अन्वयार्थ लागला, असे मानण्याची सवय येथे चांगली रुजलेली आहे. पण ही रीत सोपी आहे, एवढीच तक्रार असती तर ती करण्याचे कारण नव्हते. सोप्या रीतीनेही कधी कधी खरे सापडते. तक्रार ह्याहून गंभीर आहे. सादृश्यवादी समीक्षा आख्यान ज्या रीतीने वाचते ती मुळात टोळीप्रमुखाची रीत आहे. आणि ह्या चित्रप्रकारातल्या उत्तम कृती नेमक्या त्याच रीतीविरुद्ध उभ्या आहेत. त्यामुळे जो समीक्षक त्यांची वाखाणणी आदिबंधाच्या नावाने करतो, तो नकळत प्रतिपक्षाची वकिली करत असतो.

आधी त्या 'प्राचीन' आख्यानाकडे पाहावे. ग्वान यूचा मृत्यू इ. स. २१९-२० ह्या सुमाराचा. तिसऱ्या शतकातच छन शौ ह्या इतिहासकाराने तीन राज्यांचा जो इतिहास लिहिला, त्यात पीचची बागही नाही आणि शपथही नाही. तिघे एकाच शय्येवर निजत आणि त्यांचा स्नेह सख्ख्या भावांसारखा होता, एवढीच नोंद आहे. शपथेचा प्रसंग कथेकऱ्यांच्या आणि रंगभूमीच्या परंपरेतून घडत गेला. लुओ क्वान-चुंगच्या नावावर असलेल्या कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ सालची आहे. युद्धात पकडल्या गेलेल्या आणि शिरच्छेद झालेल्या ह्या सेनापतीला मिंग सम्राटाने 'सम्राट' ही दैवी पदवी दिली ती १६१४ साली. म्हणजे ज्याला आदिबंध म्हणावयाचे, तो सुमारे चौदाशे वर्षांत थरावर थर चढून तयार झालेला आहे, आणि त्यातील वरचे थर दरबाराने चढवलेले आहेत.

ह्याहून मागे गेले तर जे हाती लागते ते मिथकापेक्षा खटल्यासारखे दिसते. सिमा छ्येनच्या इतिहासग्रंथात भटक्या धाडसी पुरुषांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कायद्याचा कट्टर पुरस्कर्ता हान फेई ह्याने अशा पुरुषांना राज्याची कीड ठरवले होते. सिमा छ्येन त्या आक्षेपाचा उल्लेख करूनच आपले प्रकरण सुरू करतो. त्यात क्वो च्ये ह्या माणसाची हकीकत आहे. दिसायला अगदी सामान्य, बोलण्यात काही विशेष नाही. सिमा छ्येनने त्याला प्रत्यक्ष पाहिले होते आणि तसे नोंदवलेही आहे. तरी त्याचा दबदबा असा की लोक आपापसातले तंटे त्याच्याकडे नेत. एका पंडिताने चारचौघांत त्याची निंदा केली. क्वो च्येच्या कोणा अनुयायाने त्या पंडिताला ठार मारून त्याची जीभ कापली. मारेकरी कोण हे क्वो च्येला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही त्याला निर्दोष ठरवले. तेव्हा दरबारातील कुंगसुन हुंग ह्या मंत्र्याने असा मुद्दा मांडला की, ज्याच्या नावाने त्याला न कळता खून पडतो, त्याचा अपराध स्वतः खून करणाऱ्यापेक्षा मोठा आहे. क्वो च्येचा कुलासकट उच्छेद झाला.

ह्या हकीकतीत टोळीपटाचे सारे व्याकरण आहे. हुकूम न देता चालणारी सत्ता, अनुयायाचा अतिउत्साह, साक्षीपुराव्याच्या पलीकडे असलेली जबाबदारी, आणि दुसरी सत्ता सहन न करणारे राज्य. सिमा छ्येन कोणत्या बाजूला आहे? मंत्र्याचा युक्तिवाद तो खोडून काढत नाही, आणि क्वो च्येविषयीचा आदरही लपवत नाही. हा तोच लेखक, ज्याला इ. स. पू. ९८च्या सुमारास एका पराभूत सेनानीची बाजू घेतल्याबद्दल लिंगच्छेदाची शिक्षा झाली, दंड भरून ती टाळण्याइतका पैसा जवळ नव्हता आणि मित्रांपैकी कोणी तोंड उघडले नाही. संकटातल्या माणसासाठी धावून जाणाऱ्यांचे मोल त्याला का वाटले असेल, हे निराळे सांगायला नको. 'यी' ही संकल्पना, जिचे भाषांतर 'बंधुभाव' असे करून सादृश्यवादी मोकळे होतात, ती येथे एका सुटत नसलेल्या वादाचे नाव आहे. 'तीन राज्यां'च्या कादंबरीतही हेच आहे. ह्वारुंगच्या वाटेवर ग्वान यू शत्रू असलेल्या त्साओ त्साओला सोडून देतो, कारण त्याने पूर्वी केलेल्या उपकारांचे ऋण अंगावर आहे; आणि सोडणार नाही असे तो लष्करी हमीपत्रात लिहून देऊन आलेला असतो. म्हणजे निष्ठेचे दैवत ज्या कृत्यामुळे जनमनात सर्वांत उजळले, ते कृत्य कर्तव्यभंगाचे होते. आदिबंधाच्या तक्त्यात हा अंतर्विरोध कोणत्या रकान्यात भरायचा?

आता मुख्य मुद्दा. आख्यान आणि चित्रपट ह्यांच्यामध्ये एक तिसरा वाचक उभा आहे आणि सादृश्यवादी त्याच्याकडे पाहतच नाहीत. तो वाचक म्हणजे गुप्तमंडळी. ज्यांना इंग्रज अमदानीत 'ट्रायड' हे नाव पडले, त्या मंडळ्यांचे मूळ असलेला स्वर्ग-पृथ्वी-संघ फूच्येन प्रांतात १७६१-६२च्या सुमारास स्थापन झाला, असे छिंग दरबाराच्या दप्तरांवरून आता बहुतेक अभ्यासक मानतात. तो परस्परसाहाय्यासाठी जमलेल्या, गाव सुटलेल्या गरिबांचा संघ होता. शाओलिन मठ जळाला, पाच भिक्षू वाचले आणि त्यांनी मिंग वंशाच्या पुनःस्थापनेची शपथ घेतली, ही सुप्रसिद्ध स्थापनाकथा लिखित स्वरूपात प्रथम आढळते ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तोपर्यंत संघाने थायवानात एक मोठे बंड (१७८७-८८) करून झाले होते आणि त्याच्याविरुद्ध कायदेही झाले होते. म्हणजे आधी संघटना आणि मग तिला साजेसे आख्यान, असा हा क्रम आहे. आख्यानाची सामग्री मात्र तयार होती. दीक्षाविधीच्या सभास्थानाला ल्यांगशानवरच्या सभागृहाचे 'निष्ठा आणि न्याय' हेच नाव मिळाले, शपथा छत्तीस, वेदीवर ग्वान यू. कादंबरी, नाटक आणि कथेकऱ्याची बैठक ह्यांतून उचललेल्या तुकड्यांची ही एक नवी संहिता होती.

ह्याचा अर्थ असा की हाँगकाँगच्या दिग्दर्शकाने अभिजात आख्यानाची 'पुनर्कल्पना' केली, हे विधान निदान दोनशे वर्षे उशिरा केलेले आहे. पुनर्कल्पना गुन्हेगारांनीच केली होती. दिग्दर्शकापुढे असलेली वस्तू म्हणजे आख्यान वापरणारी माणसे. निखळ आख्यान त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि वापरणारी माणसे एकाच बाजूला नव्हती. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही ग्वान यूची मूर्ती बसवली जाते, व्यापारी त्याला धनदेवता म्हणून पूजतात, सम्राटांनी त्याला राजनिष्ठेचे प्रतीक म्हणून मिरवले. हाँगकाँगच्या हस्तांतराला चार वर्षे उरली असताना, १९९३ साली, चीनचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री थाओ स-च्यू ह्यांनी ट्रायडमध्येही देशभक्त माणसे आहेत असे जाहीरपणे सांगितले. ल्यांगशानच्या बंडखोरांना दरबाराने दिलेल्या माफीची ही विसाव्या शतकातली आवृत्ती होती, आणि ती कोणा दिग्दर्शकाने लिहिलेली नव्हती.

जॉनी टोच्या 'इलेक्शन' (२००५) आणि 'इलेक्शन २' (२००६) ह्या चित्रपटांकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पहिल्यात एका जुन्या टोळीच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. शांत, मृदुभाषी लोक आणि आरडाओरडा करणारा बिग डी हे दोन उमेदवार. सत्तेचे चिन्ह म्हणजे नागमुखी दंड. त्याच्यासाठी माणसे मुख्यभूमीपर्यंत धावतात. चित्रपटात एकही गोळी सुटत नाही, आणि ज्यांनी जॉन वूचे गोळीबार डोळ्यांत साठवले आहेत त्यांना ह्या नकाराचा अर्थ कळावा. दीक्षाविधी सविस्तर दाखवला आहे. शपथा घेतल्या जातात, सगळे भाऊ होतात. सादृश्यवादी समीक्षक येथे हर्षभरित होतो; पीचची बाग सापडली! पण हा विधी संहितेत कुठे ठेवला आहे हे पाहिले पाहिजे. त्यानंतर लवकरच लोक बिग डीला मासे पकडायला नेतो. दिवस निवांत आहे, बायको बरोबर आहे, लोकचा लहान मुलगाही आहे. बिग डी अध्यक्षपद दोघांत वाटून घेण्याची गोष्ट काढतो आणि लोक दगड उचलून त्याचे डोके ठेचतो. तेवढ्यावर न थांबता तो ठेचतच राहतो. मुलगा ते पाहतो.

ह्यावर ठरावीक भाष्य असे की दिग्दर्शकाने आख्यानाच्या उदात्ततेचा विपर्यास केला, आधुनिक जगात बंधुभाव भ्रष्ट झाला. हे भाष्य करणाऱ्यांनी 'श्वेइ-हू' शेवटपर्यंत वाचलेली नसावी. तिच्या दीर्घ पाठांत बंडखोरांचा म्होरक्या सुंग च्यांग दरबाराची माफी स्वीकारतो, दरबारासाठी दुसऱ्या बंडखोरांशी लढतो, त्या लढायांत त्याचे बहुतेक सोबती मरतात आणि अखेर दरबारच त्याला विषारी मद्य पाठवतो. आपल्या मृत्यूनंतर निष्ठावंत ली ख्वेइ सूडासाठी बंड करील आणि आपल्या राजनिष्ठेला डाग लागेल, ह्या भीतीने सुंग च्यांग त्यालाही बोलावून तेच मद्य पाजतो. लोकच्या हातातला दगड आणि सुंग च्यांगच्या हातातला पेला ह्यांत अंतर किती? टोने आख्यान भ्रष्ट केलेले नाही. गुप्तमंडळीने शपथेपाशी थांबवून ठेवलेले आख्यान त्याने पुढे वाचले, एवढेच. दुसऱ्या चित्रपटात जिमी हा तरुण टोळी सोडून मुख्यभूमीत जमिनीचा व्यवहार करू पाहतो. तिथला सुरक्षा अधिकारी त्याला सांगतो की अध्यक्षपद घ्या, टिकवा आणि घराण्यातच ठेवा. जिमी त्याच्यावर तुटून पडतो, अधिकारी मार खाऊन घेतो आणि काहीही बदलत नाही. ह्या चित्रपटाच्या चिनी उपशीर्षकात कन्फ्यूशसच्या संवादांतली, सुसंवादाचे मोल सांगणारी जुनी उक्ती आहे. अभिजात वाङ्मयाचा असा कडवट उपयोग साहित्यिकांनाही फारसा साधलेला नाही.

आख्यान कुठे थांबवायचे हा प्रश्न चीनमध्ये कधीच केवळ रचनेचा नव्हता. सतराव्या शतकात चिन शंग-थान ह्या थोर टीकाकाराने 'श्वेइ-हू'ची माफीची आणि त्यानंतरची सारी प्रकरणे छाटली आणि सत्तर प्रकरणांची प्रत सिद्ध केली. शेवटी सर्व १०८ जणांचा शिरच्छेद होत असल्याचे स्वप्न घातले. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे बहुसंख्य वाचकांनी वाचली ती हीच प्रत. खुद्द चिन शंग-थानला १६६१ साली सूचाऊमधील निषेधप्रकरणी मृत्युदंड झाला. १९७५च्या ऑगस्टमध्ये माओने सुंग च्यांगच्या शरणागतीवर टिप्पणी केली आणि ह्या कादंबरीवर देशभर टीकामोहीम उभी राहिली. एका जुन्या कादंबरीच्या शेवटाआडून हयात राजकारण्यांना लक्ष्य केले गेले. शेवट हा तिथे शासनाच्या अधिकारातला विषय आहे, हे ज्याने ध्यानात घेतले नाही त्याने चिनी गुन्हेपटाच्या रूपबंधाविषयी न बोललेले बरे.

'अ बेटर टुमॉरो'चाच शेवट पाहा. शॉ ब्रदर्सच्या पोशाखीपटांत चांग चेहचा साहाय्यक म्हणून काम केलेल्या जॉन वूने होच्या भूमिकेसाठी ती लुंगला घेतले, जो सत्तरच्या दशकात त्याच चित्रपटसंस्थेसाठी 'श्वेइ-हू'मधला वू सुंग झाला होता. हे सादृश्य खरे आहे आणि वूने ते जाणून योजलेले आहे. पण शेवटी हा हो काय करतो? पोलीस असलेल्या धाकट्या भावाच्या बेडीत तो स्वतःचा हात अडकवून घेतो. पीचच्या बागेच्या नादात समीक्षकांनी ल्यांगशानची शरणागती पाहिलीच नाही. आणि १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या ह्या बेडीला हाँगकाँगच्या प्रेक्षकाने कोणता अर्थ दिला असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. वूची भावविवशता अनेकांना खटकते, तीत तथ्य आहे; पण बेडीचा तो क्षण भावविवश नाही.

'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) ह्या चित्रपटाला तर दोन शेवट आहेत. टोळीने पोलिसांत पेरलेला अधिकारी मूळ चित्रपटात सुटतो, बढतीच्या वाटेवर राहतो. मुख्यभूमीसाठी केलेल्या आवृत्तीत त्याला अटक होते. चित्रपटाच्या चिनी शीर्षकातला 'वू-च्येन' हा शब्द म्हणजे आपल्याला संस्कृत-पालीतून परिचित असलेल्या अवीची नरकाचे चिनी भाषांतर. जिथे यातनेला खंड नाही तो नरक. शिक्षा न होणे हीच त्या माणसाची शिक्षा आहे, हे मूळ शेवटाचे सारे तर्कशास्त्र अवीचीवर उभे आहे. अटक झाली की खंड पडतो आणि शीर्षक खोटे ठरते. एका बौद्ध संकल्पनेचा अर्थ सेन्सॉरच्या अटीने फिरवला जातो, ह्याहून 'आख्यानाची पुनर्कल्पना' अधिक स्पष्ट कोठे दिसणार? जॉनी टोने पुढे 'ड्रग वॉर' (२०१२) मुख्यभूमीत केला तेव्हा त्याने ही अट अक्षरशः पाळली. मरता मरता पोलीस अधिकारी गुन्हेगाराला बेडीने स्वतःशी जखडतो; आणि शेवटी विषारी सुई टोचली जात असतानाही तो गुन्हेगार सोबत्यांची नावे देत, जीव वाचवण्यासाठी सौदा करत राहतो. कायदा जिंकतो, प्रेक्षकाला मात्र विजयासारखे काही वाटत नाही.

ज्या चांग-खच्या 'अ टच ऑफ सिन'ने (२०१३) ह्या प्रश्नाला निराळेच वळण दिले. चीनमध्ये घडलेल्या चार हिंसक घटनांवर तो आधारलेला आहे. कॅनमध्ये त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि चीनच्या चित्रपटगृहांत तो पोहोचला नाही. पहिल्या कथेत शान्सीतील दाहाई हा खाणकामगार गावाची खाण गिळणाऱ्यांविरुद्ध तक्रारी करून थकतो. गावात लिन छुंगच्या कथेचे नाटक चालू असते. वाघाचे चित्र असलेल्या कापडात बंदूक गुंडाळून तो निघतो. तक्ता भरणाऱ्यांना दाहाई म्हणजे लिन छुंग हे समीकरण येथे फुकट मिळते. तिसऱ्या कथेने मात्र तक्ता मोडतो. श्याओ-यू ही एका सौनामधली स्वागतिका, विवाहित पुरुषाची प्रेयसी. पैशाच्या जोरावर तिचे शरीर मागणारा गिऱ्हाईक नोटांच्या गड्डीने तिच्या तोंडावर मारत राहतो आणि ती फळे कापायच्या सुरीने त्याला ठार करते. त्या क्षणी कॅमेरा तिला किंग हूच्या खड्गधारिणीचा पवित्रा देतो. पण 'श्वेइ-हू'मध्ये अशा स्त्रीची जागा कोणती? वू सुंग वहिनीला मारतो, सुंग च्यांग रखेलीला मारतो, आणखी एका वीराची पत्नी डोंगरावर नेऊन मारली जाते. वीरांच्या बंधुभावाची किंमत त्या कादंबरीत वारंवार स्त्रीच्या देहाने चुकवली जाते. ज्याने सुरी वू सुंगच्या हातून काढून जिच्यावर ती चालली असती तिच्या हाती दिली. इरावती कर्वे ह्यांनी 'युगान्त'मध्ये खांडववनाच्या दहनाकडे जळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, त्या जातीचे हे वाचन आहे.

आणि चौथ्या कथेतल्या कारखान्यातल्या मुलासाठी आख्यानात जागाच नाही. त्याच्याजवळ शस्त्र नाही, ज्याच्यावर ते उगारावे असा खलनायकही त्याला दिसत नाही. तो इमारतीवरून उडी घेतो. ल्यांगशानच्या ध्वजावर स्वर्गाचा मार्ग आम्ही स्वर्गाच्या वतीने चालवतो अशी घोषणा होती. ज्याच्या चित्रपटाचे चिनी शीर्षक सांगते की हे स्वर्गानेच ठरवलेले. शेवटी रंगमंचावर सू सानच्या खटल्याचे जुने नाटक चालू असते, न्यायाधीश तिला गुन्हा कबूल आहे का विचारतो, आणि चित्रपट प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर येऊन थांबतो.

ज्याच्याच 'अ‍ॅश इज प्युअरेस्ट व्हाइट'मध्ये (२०१८) ग्वान यूची मूर्ती येते ती त्याच्या जन्मप्रांतातच, शान्सीतल्या दातुंगमध्ये, माजाँगच्या अड्ड्यात. काळ २००१चा. एक जण घेतलेले पैसे नाकारतो. टोळीचा म्होरक्या बिन मूर्ती आणायला लावतो आणि मूर्तीसमोर त्या माणसाच्याने खोटे बोलवत नाही. ही माणसे हाँगकाँगचे टोळीपट पाहतात, जॉन वूच्या 'द किलर'मधले (१९८९) गाणे ऐकतात. ग्वान यू त्यांना कादंबरीइतकाच पडद्यावरूनही भेटलेला आहे. पुढे हल्ला होतो तेव्हा बिनची प्रेयसी छ्याओ हवेत गोळी झाडते, पिस्तूल आपलेच असे सांगून तुरुंगात जाते, आणि सुटल्यावर तिला कळते की बिन आता त्या जगाचा राहिलेला नाही. वर्षांनंतर तो पांगळा होऊन परततो तेव्हा ती त्याला सांभाळते. प्रेम उरले म्हणून नव्हे, 'यी' म्हणून. पायांवर उभा राहताच तो निघून जातो. शेवटच्या चित्रचौकटीत छ्याओ अड्ड्याच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि आपल्याला ती दिसते ती पाळतीच्या कॅमेऱ्याच्या फुटक्या, दाणेदार चित्रात, जे कोण पाहत आहे हे चित्रपट सांगत नाही.